पट्टी, रुपया आणि बांगडा

दुकानातल्या पोराला वाटलं, ही बाई आता काचेवर चरा पाडणार. मी पर्समधून प्लॅस्टिकची पट्टी काढून त्या उलट्या घडीच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिरपी ठेवली, तसा तो "मॅडम, मॅडम" करत काउंटरला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभाच राहिला. मी पेन पट्टीला लावलं आणि मुंगीच्या चालीने रेघ ओढली. पट्टी उचलली. पट्टीला धरून ओढलेली रेघ, पण सरळ म्हणून नव्हती. झिजलेल्या पायऱ्यांच्या जिन्यासारखी बारीक लाटा घेत खाली उतरली होती.

"तुम्ही हळू काढता ना, म्हणून," पोरगा म्हणाला. "फास्ट काढून बघा."

फास्ट काढली. सुतासारखी आली. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. पण मला बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे काढायचे होते आणि ते कोणी फास्ट काढत नाही.

हे कोल्हापुरातलं. मालवणातून पहाटेची एसटी धरून, फोंडा घाट चढून मी तिथे लॅपटॉप बघायला गेले होते. पर्समध्ये तीन गोष्टी होत्या: पट्टी, एक रुपयाचं नाणं आणि एक पेनड्राइव्ह. भिशी लागली होती, त्यातले आणि बाजूला ठेवलेले मिळून सत्तरेक हजार खर्चायची तयारी होती. घरातून निघताना आमचे हे म्हणाले होते, "येवढ्यात होडयेचा जुना इंजिन येता." आम्हांला होडी नाही. तरी बोलायचं म्हणून बोलले.

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेटीची लेबलं, खानावळींची मेनूकार्डं, दशावताराच्या जाहिराती, वाढदिवसांचे फ्लेक्स. सगळं कोरल या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये, अक्षरं श्रीलिपीची आणि हात माउसवर. चौदा वर्षं हेच. मार्चमध्ये तारकर्लीतल्या एका होमस्टेवाल्यांनी वेगळंच काम आणलं. जेवणघरातल्या भिंतीवर सहा बाय चार फुटांचा फलक, त्यावर आपल्याकडचे चोवीस मासे, खाली मालवणी नावं. "फोटो नकोत," ते म्हणाले. "फोटो पाहुण्यांच्या मोबाइलात असतातच. हाताने काढलेले हवेत." मी हो म्हटलं. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, हात अगदीच बसलेला नव्हता. कागदावर काढून स्कॅन करायचं असं आधी डोक्यात होतं. पण त्यांना रंग मागाहून बदलून हवे होते, एखादा मासा काढून दुसरा घालायची सोय हवी होती. मग माउसने एक बांगडा करून पाहिला. पूर्ण दिवस गेला आणि बांगडा साबणाच्या वडीसारखा दिसायला लागला.

भावाचा मुलगा तेव्हा बारावीची परीक्षा देऊन रिकामा होता. तो म्हणाला, "आत्ये, टू-इन-वन घे." स्क्रीन पूर्ण मागे वळते, पाटीसारखी होते, त्यावर पेनाने काढायचं. परत उघडला की लॅपटॉप. दुकानातला डेस्कटॉप तसाही म्हातारा झालाय, एका दगडात दोन पक्षी. शिवाय मला स्वतःला एक स्वप्न पडलं होतं: सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून होतेय, मी वाळूत बसून समोर तडफडणारा मासा थेट स्क्रीनवर काढतेय. हे चित्र इतकं गोड होतं की मी मनातल्या मनात लॅपटॉप घेऊनच टाकला होता.

ते स्वप्न मोडलं आमच्या मासेवालीने. बाजारात तिच्या पाटीसमोर वही घेऊन बसले होते, तर तिने विचारलं काय करतेस. मी सांगितलं, आता वही जाऊन कम्प्युटर येणार. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातला कोयता खाली ठेवला, आणि खवलं, पाणी नि रक्ताने भरलेले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "हेच्यात?" एवढंच विचारलं. मग वहीत डोकावून म्हणाली, "गो बाय, मासो काढतंस तर डोळो बरो काढ. डोळ्यावरसूनच कळता ताजो काय शिळो." माझ्या वहीतल्या बांगड्याचा डोळा मी सपाट, पांढुरका काढला होता. तो शिळ्याचा. ताज्याचा डोळा फुगीर नि काळा चकचकीत असतो. हे मला खाताना माहीत होतं, काढताना नव्हतं.

घरी येऊन भावाच्या मुलाचा मित्र होता त्याचा तसला लॅपटॉप दोन तास मागून घेतला आणि अंगणात नेला. एप्रिलातले सकाळचे नऊ. स्क्रीनवर मला माझा चेहरा, मागचा माड आणि वाळत घातलेलं लुगडं दिसलं. मासा दिसला नाही. साधारण लॅपटॉपांची स्क्रीन अडीचशे-तीनशे निट्स (हे उजेडाचं माप) उजेडाची असते, घरात भरपूर, उघड्यावर काहीच नाही. त्यात काच गुळगुळीत. त्या दिवसांत हाताला घाम असा की तळवा काचेला चिकटून ओढल्यावर चुरचुर आवाज यायचा. एकदा दोनदा पेनाऐवजी तळव्याचीच रेघ उमटली.

म्हणजे किनाऱ्यावर काढायचं हे बाद. उरलं ते दुकानात नि घरात बसून काढणं. मग प्रश्न पार बदलला: घडीचा लॅपटॉप, की आहे त्या कम्प्युटरला जोडायचा ड्रॉइंग टॅब्लेट?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रॉइंग टॅब्लेटही दोन तऱ्हेचे. एक नुसती काळी पाटी, तिच्यावर काही दिसत नाही. पेन पाटीवर चालतं आणि रेघ समोरच्या मॉनिटरवर उमटते. दुसऱ्यात पाटीच स्क्रीन असते, पण ती स्वतःची स्वतः चालत नाही, कम्प्युटरला जोडावीच लागते. पहिली काही हजारांत येते. दुसरी बरीच महाग. आयपॅड आणि त्याचं पेन हा चौथा रस्ता सगळेजण सुचवत होते, मी त्या वाटेला गेले नाही. माझं दुकानातलं पूर्ण कोरल आणि श्रीलिपी त्यावर चालत नाही, मग मला दोन संसार सांभाळावे लागले असते.

काळी पाटी मी कुडाळच्या एका ओळखीच्या फोटोस्टुडिओवाल्यांकडून आठवडाभर आणली. लहान होती, काढायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर, साधारण पोस्टकार्डाएवढी. पहिले दोन दिवस मी रडकुंडीला आले. नजर समोर, हात खाली, आणि दोघांची ओळखच नाही. गोल काढायला जावं तर तोंड मिळेना. तिसऱ्या दिवशी गोल मिळाला, पण तो गोल नव्हता, अंडं होतं. उभं अंडं. मला वाटलं माझाच हात वाकडा. मग रुपयाचं नाणं पाटीवर ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवलं. तरी अंडंच.

भानगड माझ्या मॉनिटरची होती. दुकानात जुना, जवळजवळ चौकोनी, एकोणीस इंची मॉनिटर. १२८० बाय १०२४. पाटी मात्र आडवी लांब. पाटीची पूर्ण रुंदी मॉनिटरच्या पूर्ण रुंदीवर आणि उंची उंचीवर ताणून बसवली जाते, त्यामुळे आडवं सगळं आकसतं आणि उभं वाढतं. हिशेब केला तर वर्तुळ रुंदीपेक्षा सव्वापटीहून जास्त उंच होत होतं. सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायची खूण असते, ती केली की नाणं नाण्यासारखं उमटतं, पण मग पाटीचा एका बाजूचा तेहेतीसेक मिलिमीटरचा पट्टा मुका होतो. पोस्टकार्डातला एवढा भाग गेला तर राहिलं काय! तेव्हा ठरवलं, घेतलीच तर मध्यम आकाराची घ्यायची आणि मॉनिटरही बदलायचा. तेव्हापासून तो रुपया माझ्या पर्समध्ये.

पाचव्या दिवशी मात्र गंमत झाली. सुरमईच्या अंगावरच्या उभ्या नागमोडी रेषा काढत होते. खाली वाकून नव्हे, ताठ बसून, समोर बघत. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी हाताकडे एकदाही पाहिलेलं नाही. आणि मान दुखत नव्हती. लग्नसराईत माझी मान ज्यांनी पाहिलीय त्यांना यातलं सुख कळेल.

तरीही कोल्हापूरला गेले, कारण लॅपटॉपचा मोह गेला नव्हता. तिथे तीन दुकानांत चार मॉडेलं पाहिली. पट्टीची परीक्षा चारही ठिकाणी. एकावर लाटा मोठ्या, दोघांवर बारीक, एकावर जेमतेम दिसेल न दिसेल अशा. तो सगळ्यांत महाग होता हे सांगायला नको. हे का होतं ते मागाहून समजून घेतलं. या स्क्रीनमध्ये स्पर्श ओळखणाऱ्या बारीक तारांची जाळी असते. पेनात सेल असतो, ते जाळीला इशारा देतं, आणि टोक दोन तारांच्या मध्ये नेमकं कुठे आहे याचा अंदाज लॅपटॉप बांधतो. अंदाज केसभर चुकतो. भरभर ओढलं तर चुका झाकल्या जातात, सावकाश ओढलं की एकेक चूक रेघेत उतरते. चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये रेघ सावरणारी सोय असते, ती लावली की लाटा कमी होतात हेही खरं. पण मग रेघ टोकाच्या मागून फरफटत येते, आणि मला तो खेळ सहन होत नाही.

दुसरी गोष्ट पेनड्राइव्हमधली. त्यात मी तांबोशी या लाल माशाचा एक फोटो नेला होता, दुकानाच्या उंबऱ्यात नैसर्गिक उजेडात काढलेला, आणि त्याच फोटोची चांगल्या छपाईची प्रत हातात. स्वस्तातल्या दोन लॅपटॉपांवर तांबोशी नारिंगी दिसली. जवळजवळ गाजरासारखी. माहितीपत्रकात बघितलं तर रंगांपुढे '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं, म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याचं माप. असल्या स्क्रीनला गडद लाल पेलतच नाही, ती त्याचा नारिंगी करून मोकळी होते. शंभर टक्के एसआरजीबीवाल्या, म्हणजे जास्त रंग पेलणाऱ्या स्क्रीनवर तांबोशी ओळखीची दिसली, पण तिची किंमत माझ्या बजेटच्या वर वीस हजार. चोवीस माशांतले निम्मे रंगावरून ओळखायचे, आणि मी डोळ्यांवर गाजराचा चष्मा लावून काम करायचं?

तिसरी गोष्ट कोणी सांगतच नाही, हात लावल्यावरच कळते. स्क्रीन मागे वळवून पाटी केली की कीबोर्ड खाली जातो आणि बंद होतो. बरोबरच आहे, नाहीतर मांडीवर ठेवल्यावर काहीही टाइप होईल. पण कोरलवर पोट भरणाऱ्या माणसाचा डावा हात कंट्रोल-झेडवर राहतो. उजव्याने काढायचं, डाव्याने पुसायचं. तो हात अचानक बेकार झाला. वेगळा कीबोर्ड जोडा म्हणाले. मग एकातच सगळं कुठे राहिलं! पेनही खोक्यात नव्हतं, ते वेगळं विकत. त्यातही हे पेन त्या लॅपटॉपला चालत नाही: मायक्रोसॉफ्टची एक पद्धत, वॅकॉम या पेन-पाट्या करणाऱ्या कंपनीची एक, आणखीही आहेत, जुळवून घ्यावं लागतं. आणि एकाच्या पेनात चार ए मापाचा सेल, आपल्या रिमोटच्या सेलाहूनही बारीक. तो मालवणात मिळेल का, असं मी विचारल्यावर पोरगा प्रामाणिकपणे हसला.

स्क्रीनवाला टॅब्लेटही पाहिला, तेरा इंची. खरं सांगते, प्रेमात पडले. टोक टेकतं तिथेच रेघ, रुपयाभोवती फिरवलं तर रुपया. पट्टीच्या परीक्षेतही पास. तो घेतला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण माझ्या डेस्कटॉपला मागे मॉनिटर जोडायला फक्त जुनी निळी व्हीजीए खाच, तिला हा जोडता येत नाही, म्हणजे आधी कम्प्युटर बदला. त्याला विजेची वेगळी वायर. आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज पाहुण्यासारखी येते. इन्व्हर्टरवर कम्प्युटर, मॉनिटर आणि वर हा, हिशेब बसेना.

पावसाचं निघालंच आहे तर सांगते. आमच्याकडे यंत्र घेताना पहिला प्रश्न 'कसं चालतं' हा नसतो, 'बिघडलं तर' हा असतो. खारी हवा काहीही सोडत नाही. माझ्या कम्प्युटरच्या यूएसबी खाचांना हिरवट चढतो, दोन वर्षांत एक कीबोर्ड जातो. कॅमेऱ्याची भिंग बुरशी लागू नये म्हणून मी कपाटात बल्ब लावून ठेवते. डेस्कटॉपचं असं की रॅम गेली तर रॅम बदलते, पंखा गेला तर पंखा, कणकवलीत दुरुस्ती होते. घडीच्या बारीक लॅपटॉपात बहुतेक सगळं एकाच पट्टीवर डकवलेलं. एक गेलं की सगळं घाटावर पाठवा आणि वाट बघा. तेही ऑगस्टमध्ये, गणपतीच्या फ्लेक्सांच्या ऐन हंगामात. काळ्या पाटीत ना पंखा, ना बॅटरी, ना काच. एक वायर.

म्हणून शेवटी वॅकॉमची मध्यम पाटी घेतली, २१६ बाय १३५ मिलिमीटर, आणि वाचलेल्या पैशांतून चांगल्या रंगाचा रुंद मॉनिटर. दोन्ही मिळून माझ्या बजेटचा तिसरा हिस्साही झाला नाही. या पाटीच्या पेनात सेल नाही हे भावाच्या मुलाला पटेचना, तो पेन कानाशी हलवून बघत होता. पाटीच्या पोटात तारांचं जाळं असतं, ते चुंबकीय क्षेत्र तयार करतं. पेनातल्या गुंडाळीला त्यातूनच वीज मिळते आणि त्याच विजेवर पेन उलट उत्तर देतं. म्हणून ते इतकं हलकं.

घरी आणून जोडली आणि पहिल्या रात्री परत रडकुंडी. दाब लागेना. हलकं टेकवा की जोरात, रेघ एकाच जाडीची, तारेसारखी. खोक्यावर दाबाचे हजारोंनी टप्पे लिहिलेले असतात, २०४८, ४०९६, ८१९२. माझ्या हाताला त्यातला फरक आजही कळत नाही, पण एक तरी टप्पा दिसावा ना! मी काढायला क्रिता नावाचा प्रोग्राम वापरते, फुकट आहे आणि उत्तम आहे. त्याच्या टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये पेनाचा दाब कळायच्या दोन वाटा असतात, एक विनटॅब आणि दुसरी विंडोजची स्वतःची. ड्रायव्हर, म्हणजे पाटी चालवणारा प्रोग्राम, एका वाटेवर उभा आणि क्रिता दुसऱ्या वाटेवर वाट बघत बसलेलं. वाट बदलली, बंद करून परत सुरू केलं, आणि सुरमईची पहिली रेघ बारीक सुरू होऊन पोटाशी जाड झाली नि परत निमुळती संपली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी ह्यांना उठवून दाखवली. ते "बरा आसा" म्हणून परत झोपले. पेन टेकवून थांबलं की एक गोल चक्र यायचं आणि राइट क्लिक व्हायचं, तेही विंडोजमधून बंद करावं लागलं. एवढं झाल्यावर पाटीने त्रास दिला नाही.

काम असं बसलं: सकाळी बाजारात वही-पेन्सिल. मासा हातात धरून, कल्ला उघडून, कडेला रंगांची नावं लिहून पाच मिनिटांत कच्चं काढायचं, कारण मासा मेला की रंग उतरायला लागतो. मोबाइलवर त्या पानाचा फोटो, दुपारी तो क्रितात खालच्या थरावर टाकून वरून पक्कं. १ जूनला यांत्रिक नौकांना बंदी लागते, त्याच्या आत पंधरा मासे वहीत आले होते. बाकीचे नारळी पौर्णिमेनंतर.

बांगड्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्याच्या पाठीवर गडद पट्टे लांबीच्या दिशेने धावतात, आणि छातीच्या पराजवळ एक काळा ठिपका असतो, तो मी इतकी वर्षं बांगडा खाऊनही पाहिला नव्हता. पट्टे अखंड नसतात, मध्येच तुटतात, कुठे ठिपक्यांवर येतात. अर्धा दाब, पाऊण दाब, उचल, परत टेकव. पाटीवर दोन दिवस लागले. डोळा तीनदा पुसला. चौथ्यांदा काळ्यात एक चमकीचा कण ठेवला, गोल नाही, जरासा कललेला, आणि मासा एकदम ओला झाला. प्रिंट काढून मासेवालीला नेऊन दिला. तिने लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "ह्यो ताजो," म्हणाली, आणि प्रिंट सुकी तारली ठेवायच्या डब्याखाली सरकवला. अजून तिथेच असेल.

दिवाळीच्या आधी फलक लागला. पेनाची टोकं झिजतात हे कोणी सांगितलं नव्हतं. चोवीस मासे होईस्तोवर माझं एक टोक छिन्नीसारखं तिरपं झालं आणि दुसरं लावावं लागलं. पाटीवर मधोमध एक गुळगुळीत डागही पडलाय, मी मासे तिथेच काढते म्हणून.

भावाचा मुलगा इंजिनीयरिंगला गेला, त्याने घडीचाच लॅपटॉप घेतला. मीच घे म्हटलं. त्याला पीडीएफवर खुणा करायच्या, गणितं लिहायची, आकृत्या भरभर काढायच्या. बसमध्ये, हॉस्टेलवर, कुठेही. रेघेत लाट आली तर त्याचं काही अडत नाही. जाताना मी त्याला पट्टी देऊ केली, तर म्हणाला, "आत्ये, माका कित्याक?" लॅपटॉप छान चाललाय. पेन तेवढं पहिल्याच महिन्यात एसटीत हरवलं.